कै. रमाबाई रानडे

सभेत कुणीतरी दोन शब्द बोलावेत असे अध्यक्षबाईंनी म्हटले, की आपण सगळ्याजणी पदर सावरून खाली बघू लागतो. घरात बोलायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही, पण चारचौघींसमोर उभे राहिले की घशाला कोरड पडते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी कै. रमाबाई रानडे यांचे चरित्र निवडले.

त्यांचा जन्म १८६२ सालचा. माहेरचे नाव यमुना, वडिलांचे घराणे देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांचे. अकराव्या वर्षी, १८७३ साली, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने प्रथम पत्नीच्या मागे कुमारिका केली म्हणून लोकांनी माधवरावांना खूप नावे ठेवली. ती गोष्ट निराळी. नव्या नवरीला अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी स्वतः तिला लिहावाचायला शिकवले, पुढे इंग्रजीही शिकवले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. भगिनींनो, एकत्र कुटुंबात दिवसभर टोमणे ऐकून रात्री पुस्तक उघडणे काय असते, हे आपल्याला सांगायला नको.

नाशिकला हायस्कुलातल्या समारंभात त्या प्रथम बोलल्या. ते भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. मला हे फार मोलाचे वाटते. एवढ्या नामांकित वक्त्या, पण सुरुवात दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावरूनच झाली!

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज निघाला. तिथे आपल्या रमाबाई जाऊ लागल्या. १८८४ साली मुलींचे हायस्कूल काढावे यासाठी हिराबागेत सभा भरली, तेव्हा गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांपुढे त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले. घरी त्याबद्दल बोलणी खावी लागली. पण मुलींची शाळा त्याच वर्षी पुण्यात सुरू झाली. तीच आजची हुजूरपागा.

१८९३ साली माधवराव मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तिथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल क्लब काढला. त्यात शिवण आणि विणकाम तर होतेच, शिवाय सभेत कसे बोलावे याचेही वर्ग होते. टाका घालायला शिकावे लागते तसे बोलायलाही शिकावे लागते, हे त्यांनी ओळखले. वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे असे म्हणून हात झाडणाऱ्यांनी याचा विचार करावा. त्यांचे स्वतःचे बोलणेही साधे असे. शब्दांचा फुलोरा नसे, म्हणून ते बायकांना समजे.

१९०१ साली माधवराव गेले. त्यानंतर त्या पुण्यात राहिल्या. येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायला जात, त्यांच्याशी बोलत. तिथे टाळ्या वाजवणारे कोण होते? १९०४ साली मुंबईत भरलेल्या महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथे शिकून कितीतरी विधवा आणि गरीब बायका नर्स व शिक्षिका झाल्या. १९१० साली त्यांचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून १९२१ च्या सुमारास झालेल्या चळवळीतही त्या पुढे होत्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले.

१९६२ साली टपाल खात्याने त्यांच्या जन्मशताब्दीचे तिकीट काढले. कुणाच्या घरी जुन्या पाकिटावर ते असेल तर पुढच्या सभेला जरूर घेऊन यावे.