पुरोहितांची परीक्षा घेणारा राजा

श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे यांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर बडोद्यात सापडणे कठीण. ग्रंथालये, शाळा व बागा यांच्या रूपाने त्यांची कीर्ती आपल्यापुढे उभी आहेच. परंतु पुरोहिताच्या घरात वाढलेल्या आम्हांस त्यांच्या चरित्रातील एक निराळाच भाग अंतर्मुख करतो.

महाराजांचा जन्म १८६३ साली कवळाणे येथे झाला. मूळ नाव गोपाळराव. त्यांना गादी मिळाली ती एका वादग्रस्त चौकशीनंतर. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप मल्हारराव महाराजांवर आला आणि १८७५ साली सहा जणांचे कमिशन बसले. तिघा इंग्रज सभासदांनी आरोप खरा मानला, तिघा हिंदी सभासदांनी तो शाबीत मानला नाही. तरीही सरकारने गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केलेच. त्यानंतर जमनाबाईसाहेबांनी गोपाळरावांस दत्तक घेतले. सत्तेच्या इच्छेपुढे न्यायासन किती दुबळे ठरते, याची साक्ष या राज्यारोहणातच होती. पुढे राज्याधिकार हाती आल्यावर महाराजांनी न्यायखाते मुलकी कारभारापासून वेगळे केले.

धर्मपीठासही त्यांनी हाच प्रश्न विचारला. राजवाड्यातील विधी पुराणोक्त पद्धतीने होत; १८९६ साली महाराजांनी वेदोक्ताचा आग्रह धरून तो तडीस नेला. १९१५ साली हिंदु पुरोहित कायदा झाला आणि पौरोहित्य करणाऱ्यास परीक्षा देणे भाग पडले. जन्म हाच ज्यांचा दाखला, त्यांना हे झोंबले यात नवल नाही.

आम्हीही पूर्वी त्याच मताचे होतो. परंतु एकदा एका यजमानाच्या लहान मुलीने आम्ही म्हटलेल्या मंत्राचा अर्थ विचारला आणि आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या दिवशी महाराजांचा कायदा आम्हांस कळला.

मात्र कायद्याचे सामर्थ्यही अपुरेच. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. भीमराव आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांस या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही निघावे लागल्यावर ते कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, एका झाडाखाली बसून राहिले. राजाची आज्ञा दरबारात चालत होती. आपल्या पूर्वजांच्या उंबरठ्यापाशी ती थांबली.

१९३९ साली महाराज निवर्तले. त्यांचे संस्थानही १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. आता पुरोहिताची परीक्षा घेणारा कोणी राजा नाही. म्हणून ती यजमानांनी घ्यावी, आपल्या मुलांनी निःसंकोच अर्थ विचारावा, आणि आम्ही पुरोहितांनी त्यात अपमान मानू नये. ज्या आसनास प्रश्न सोसवत नाही, त्यास नमस्कार करण्यात भक्ती थोडी आणि भयच अधिक असते.