स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प

प्रकटीकरणात ज्या सात मंडळ्यांना पत्रे आहेत, त्यांपैकी एक स्मुर्ण्याची. हे शहर आज तुर्कस्तानात असून त्यास इझ्मिर म्हणतात. तेथील बिशप पॉलिकार्प ह्याचा जन्म इ.स. 69 च्या सुमारास झाला. त्याला तरुणपणी ऐकलेला आयरेनियस सांगतो की, पॉलिकार्पाची प्रत्यक्ष योहानाशी ओळख होती.

उतारवयात तो रोमला गेला. वल्हांडणाचा ख्रिस्ती सण आशियातील मंडळ्या निसान महिन्याच्या 14 व्या दिवशी पाळीत; रोममध्ये तशी चाल नव्हती. तेथील बिशप अनिसेटस व पॉलिकार्प यांपैकी कोणीच दुसऱ्याचे मन वळवू शकला नाही. तरी अनिसेटसने प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पाहुण्याला दिला, आणि दोघे शांतीने निरोप घेऊन गेले. आमच्याकडे याहून लहान गोष्टींवरून पंचकमिट्या फुटतात!

पुढे, 155 च्या सुमारास, स्मुर्ण्यात छळ सुरू झाला. फ्रुगियाहून आलेला क्विंटस नावाचा एक ख्रिस्ती आपण होऊन पुढे झाला, इतरांनाही त्याने भरीस घातले. पण हिंस्र श्वापदे पाहताच त्याचा धीर खचला व त्याने दैवतांना यज्ञ केला. पॉलिकार्प मात्र मित्रांच्या आग्रहावरून शहराबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिला, तेथून दुसऱ्या मळ्यात गेला. शब्बाथशाळेत ही कथा सांगताना हा भाग गाळू नये, असे आम्हांला वाटते. तो भित्रा नव्हता, आणि मरणाची हौसही त्याला नव्हती.

एका दास मुलाने छळाखाली ठिकाण सांगितले. शिपाई आले तेव्हा रात्र होत होती. अजूनही निसटता आले असते, पण आता तो गेला नाही. त्याने शिपायांना जेवू घातले, प्रार्थनेला एक तास मागितला, आणि दोन तास उभ्याने प्रार्थना केली. त्याला धरायला आलेल्यांपैकी काहींना वाईट वाटले.

त्याच्या वयाकडे पाहून सुभेदाराने त्याला ख्रिस्ताचा धिक्कार करून सुटण्याची संधी दिली. त्याने नकार दिला, आणि आपल्या सेवेची वर्षे 86 सांगितली. त्याला खांबाला बांधून आग लावली. शेवटी सुरा खुपसला.

मंडळीने त्याची हाडे गोळा केली. फ्रुगियातील फिलोमेलियमच्या मंडळीला पाठवलेल्या पत्रात तिने ही सर्व हकिकत लिहिली, क्विंटसची नामुष्कीसुद्धा. दरवर्षी त्या दिवशी एकत्र जमण्याचा बेतही त्यात आहे. त्या दिवसाला तिने मृत्युदिन म्हटले नाही, जन्मदिवस म्हटले. 23 फेब्रुवारी हा तो दिवस आजही अनेक मंडळ्या पाळतात.