डेलियाच्या शेंड्याला मुळे फुटेनात तेव्हा : जॉर्ज मोरेल

तुमच्या पॉलिहाऊसमध्ये ऊतिसंवर्धित ऑर्किड असेल, तर त्यामागे फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांचे काम आहे. १९१६ साली जन्मलेले मोरेल पॅरिसजवळच्या व्हर्साय येथील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत काम करीत.

डेलियाची लागवड कंदांपासून होते. मातृझाडात एकदा विषाणू शिरला, की तो कंदातून पुढच्या प्रत्येक रोपात उतरतो, आणि त्यावर फवारणीचा उपाय नसतो. तंबाखूच्या रोगट झाडात शेंड्याकडे विषाणू कमी होत जातो, हे १९४९ मध्ये दिसून आले होते. मोरेल आणि त्यांचे सहकारी क्लोद मार्तँ यांनी रोगट डेलियाचा मिलिमीटरपेक्षाही लहान वाढबिंदू काढून काचनळीतील माध्यमावर ठेवला. हिरवा कोंब आला, पण मुळे काही फुटेनात. मुळांशिवाय रोप शेतात जाणार कसे? त्यांनी तो कोंब निरोगी डेलियाच्या खुंटावर कलम केला आणि रोप वाचवले. हे काम १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे बटाट्याच्या विषाणूग्रस्त जातीही त्यांनी याच मार्गाने निरोगी केल्या.

१९६० मध्ये त्यांनी सिम्बिडियम ऑर्किड घेतले. येथे शेंड्यापासून बी उगवताना दिसते तशी हिरवी गाठ तयार झाली. ती कापली की प्रत्येक तुकड्यापासून नव्या गाठी आणि त्यांना स्वतःचे कोंब व मुळे! बियांपासून जात शुद्ध राहत नसे आणि कंद विभागून वाढ फार संथ होई. ही अडचण दूर झाली. मोरेल १९७३ मध्ये वारले.

यातून तुमच्या उपयोगाचे काय?

- कोंब फुटणे व मुळे फुटणे ही वेगळी कामे आहेत. सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब, ऑक्सिन जास्त असेल तर मुळे येतात. म्हणून प्रयोगशाळेत मुळांसाठी सहसा वेगळे माध्यम वापरतात.
- तरीही मुळे न धरणाऱ्या झाडांसाठी मोरेल यांचा कलमाचा मार्ग आजही खुला आहे. लिंबूवर्गीय फळझाडांत शेंडा कलम करून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करतात.
- ऊतिसंवर्धित रोप म्हणजे आपोआप विषाणूमुक्त नव्हे. मातृझाडाची विषाणू चाचणी झाली आहे का, हे खरेदीपूर्वी विचारा.
- पांढरी, ताजी मुळे असलेली आणि हार्डनिंग झालेलीच रोपे घ्या. लागवडीनंतर मावा आटोक्यात ठेवा; निरोगी रोपालाही विषाणू पुन्हा लागतो.