तिसऱ्या रिचर्डचा वाकलेला कणा

शेक्सपिअरच्या नाटकातला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड कुबडा, लंगडा, एका हाताने अधू आणि तितकाच कपटी आहे. शरीर वाकडे म्हणून मनही वाकडे, हा समज या नाटकाने चारशे वर्षे पोसला. खरा रिचर्ड कसा होता, ते त्याच्या हाडांनीच सांगितले.

त्याचा जन्म २ ऑक्टोबर १४५२ चा. जन्मतः त्याचा कणा वाकडा नव्हता. वयाच्या दहाव्या वर्षानंतर, उंची भराभर वाढण्याच्या काळात, तो उजवीकडे वळू लागला. या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. यात कणा नुसता बाजूला झुकत नाही, स्वतःभोवती पिळलाही जातो. तरीही रिचर्ड घोडेस्वारी आणि शस्त्रविद्या शिकला. १४७१ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तो बार्नेट आणि ट्यूक्सबरीच्या लढायांत लढला. १४८३ मध्ये पुतण्याला बाजूला सारून तो गादीवर बसला आणि २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या रणांगणावर मारला गेला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

२०१२ मध्ये लेस्टर शहरातील एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. त्याच्या बहिणीच्या वंशजांशी डीएनए जुळल्याने ओळख पक्की झाली. सीटी स्कॅनवरून कण्याचा बाक ६५ ते ८५ अंशांचा असल्याचे दिसले. बाक मोठा होता, पण कुबड नव्हते. हात अधू नव्हता, लंगडण्याचेही काही कारण दिसले नाही. उजवा खांदा थोडा वर असावा, एवढेच. नीट बेतलेल्या कपड्यांत तेही झाकले गेले असते.

त्या काळी या बाकावर खात्रीचा इलाज नव्हता. आज आहे, मात्र तो वेळेवर लक्षात यायला हवा. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना पाय जुळवून, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगावे आणि पाठ मागून पाहावी. एका बाजूच्या बरगड्या उंचावलेल्या दिसल्या किंवा एरवी खांदे वर-खाली दिसले, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. लहान बाकावर नुसती नजर ठेवली तरी पुरते. मध्यम बाक असेल तर वाढीच्या वयात पट्टा बांधून तो वाढण्यापासून रोखता येतो. फार मोठ्या बाकासाठी शस्त्रक्रियेचा विचार करतात. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकडे बसल्याने हा आजार होत नाही. त्यामुळे मुलांना दोष देऊ नये.

अशा अनेक मुलांच्या हाडांची घनताही कमी आढळते. दूध, नाचणी, तीळ, ऊन आणि मैदानी खेळ यांनी बाक सरळ होत नाही, पण हाडे भक्कम होतात. हाडांची ही पुंजी मुख्यतः तिशीच्या आतच साठते आणि पुढे आयुष्यभर पुरवावी लागते. कण्याला बाक आहे म्हणून मुलाला खेळापासून दूर ठेवणे दोन्ही अर्थांनी चुकीचे आहे. रिचर्ड तर त्याच कण्यानिशी शेवटच्या दिवसापर्यंत लढला.