एका सहीचे मोल
(कॉन्सल आरिस्तिदिस द सौझा मेंदिस यांचे चरित्र)

मनुष्य परदेशी असताना पारपत्र हरवले, जवळचा पैसा संपला, अथवा बरोबरचा आप्त तेथेच मरण पावला, तर त्याने धाव घ्यावी कोणाकडे? अशा वेळी त्याचा आधार म्हणजे त्याच्या देशाचा कॉन्सल, अर्थात वाणिज्यदूत. राजदूत एका सरकारच्या वतीने दुसऱ्या सरकारशी बोलतो. कॉन्सलचा संबंध मात्र सामान्य माणसाशी असतो. पारपत्रे देणे, जन्म-विवाहांची नोंद करणे, अडलेल्या खलाशांना घरी धाडणे, आणि आपल्या देशात येऊ इच्छिणाऱ्या परकीयांना व्हिसा, म्हणजे प्रवेशाची परवानगी देणे, ही त्याची नित्याची कामे होत. वरवर पाहता हा सारा सही-शिक्क्याचा रूक्ष व्यवहार! परंतु याच सही-शिक्क्याच्या बळावर हजारो जीवांना मृत्यूच्या दाढेतून सोडवणारा एक कॉन्सल विसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव आरिस्तिदिस द सौझा मेंदिस.

पोर्तुगालमधील काबानास द व्हिरियातु या खेड्यात १९ जुलै १८८५ रोजी एका सधन व धर्मनिष्ठ कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील न्यायाधीश होते. सेझार हा त्यांचा जुळा भाऊ. दोघे भाऊ कोइंब्राच्या प्रसिद्ध विद्यापीठात कायदा शिकले आणि दोघेही परराष्ट्रखात्यात शिरले. सेझार पुढे १९३२ मध्ये काही काळ परराष्ट्रमंत्रीही झाले. आरिस्तिदिस यांचा विवाह १९०८ साली आंजेलिना यांच्याशी झाला, व त्यांना चौदा अपत्ये झाली.

१९१० पासून त्यांची भ्रमंती सुरू झाली. ब्रिटिश गियाना, झांजिबार, ब्राझील, सॅनफ्रान्सिस्को, स्पेनमधील व्हिगो, बेल्जममधील अँटवर्प अशा अनेक ठिकाणी त्यांनी कॉन्सलचे काम केले. त्यांपैकी झांजिबारचे नाव आपल्या गोव्याच्या वाचकांना परके वाटणार नाही. पोटासाठी समुद्र ओलांडून गेलेले कितीतरी गोमंतकीय त्या काळी तेथे नांदत होते. ते पोर्तुगालचे प्रजाजन गणले जात. म्हणून कागदपत्रांसाठी त्यांना पोर्तुगीज कॉन्सलच्याच कचेरीची पायरी चढावी लागे.

१९३८ साली मेंदिस यांची नेमणूक फ्रान्समधील बोर्दो या बंदराच्या शहरी झाली. पुढच्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. पोर्तुगाल तटस्थ होता. लिस्बनहून अमेरिकेकडे जहाजे सुटत. साहजिकच हिटलरच्या भयाने पळणाऱ्यांची दृष्टी पोर्तुगालकडे लागली. तेथील हुकूमशहा सालाझार हेच परराष्ट्रखातेही सांभाळीत. ११ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांच्या खात्याने सर्व कॉन्सलांना परिपत्रक धाडले : ज्यांना देश उरलेला नाही असे लोक, रशियन, तसेच मायदेशातून हाकललेले ज्यू यांना खात्याच्या पूर्वसंमतीवाचून व्हिसा देऊ नये. म्हणजे ज्यांना आसऱ्याची गरज सर्वांत अधिक, त्यांच्याच तोंडावर दार लावले गेले. मेंदिस यांनी हा नियम एकदोन वेळा मोडला व त्याबद्दल ठपकाही घेतला.

१४ जून १९४० रोजी पॅरिस पडले. लक्षावधी निर्वासितांचा लोंढा दक्षिणेकडे वाहू लागला. बोर्दोचे चौक, रस्ते, बागा माणसांनी भरून गेल्या. कॉन्सलच्या घराच्या जिन्यावरही लोक झोपत. याच गर्दीत मेंदिस यांची क्रुगर नावाच्या एका ज्यू धर्मगुरूशी ओळख झाली. त्यांनी त्या कुटुंबाला आपल्या घरी आसरा दिला व व्हिसा देऊ केला. पण बाहेरच्या हजारो बांधवांना टाकून आपण एकट्यानेच सुटावे, हे क्रुगर यांना मान्य होईना.

मेंदिस यांच्यापुढे धर्मसंकट उभे राहिले. आज्ञा पाळावी, तर ही माणसे मरणाच्या हाती जाणार. आज्ञा मोडावी, तर तीस वर्षांची नोकरी जाणार आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाची अन्नान्नदशा होणार. ते अंथरुणाला खिळले. तीन दिवस त्यांनी कोणाचीही भेट घेतली नाही. १७ जूनला ते उठले, दारे उघडली, आणि राष्ट्रीयत्व, वंश वा धर्म न पाहता मागेल त्याला व्हिसा देण्याचा निश्चय जाहीर केला.

मग रात्रंदिवस काम चालले. कचेरीतील चिटणीस, कॉन्सलचे पुत्र व स्वतः क्रुगर मदतीस होते. क्रुगर लोकांची पारपत्रे गोळा करून आणीत. कॉन्सल सही करीत. वेळ वाचावा म्हणून नोंदी थांबल्या, शुल्क माफ झाले, सही आखूड झाली. नंतर बायोन व सीमेवरील आंदाय येथेही जाऊन त्यांनी व्हिसे दिले. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील ओटो फॉन हाब्सबुर्ग यांच्यापासून निष्कांचन कारागिरांपर्यंत सर्वांना एकच न्याय होता.

सरकारने त्यांचे अधिकार तत्काळ काढून घेतले व त्यांना परत बोलावले. जुलैमध्ये ते मायदेशी परतले. खात्याची चौकशी झाली. एक वर्ष अर्ध्या पगारावर ठेवून पुढे सक्तीची निवृत्ती, अशी शिक्षा सालाझार यांनी दिली. वैभवात वाढलेल्या या माणसाला लिस्बनमध्ये ज्यू समाजाने गरजूंसाठी चालवलेल्या अन्नछत्रात जेवावे लागले. पक्षाघात झाला; १९४८ मध्ये आंजेलिना निवर्तल्या; मुलांपैकी कित्येक पोट भरण्यासाठी परदेशी गेली. ज्याने हजारोंना निवारा मिळवून दिला, त्याचा वडिलार्जित वाडाही कर्जापायी गेला! ३ एप्रिल १९५४ रोजी लिस्बनमधील फ्रान्सिस्कन पंथाच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला.

मुलांनी मात्र पित्याच्या नावावरील कलंक पुसण्याचा ध्यास सोडला नाही. १९६६ मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला. हुकूमशाही १९७४ मध्ये कोसळली, तरी न्याय मिळण्यास आणखी चौदा वर्षे लागली. १९८८ मध्ये पोर्तुगालच्या संसदेने त्यांना निर्दोष ठरवून मरणोत्तर बढती दिली. २०२१ मध्ये तेथील राष्ट्रीय स्मृतिमंदिरात त्यांचे स्मारक झाले, आणि २०२४ मध्ये त्याच जुन्या वाड्यात संग्रहालय उघडले.

विद्यार्थिमित्रहो, नियम पाळणे हा सद्गुणच आहे; नियमांवाचून ना शाळा चालेल, ना राज्य. मेंदिस यांनीही आपले बहुतेक आयुष्य नियम पाळण्यातच घालवले. परंतु नियम हा माणसासाठी असतो, याचा विसर त्यांना ऐन कसोटीच्या क्षणी पडला नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्यावर न ढकलता त्यांनी ती स्वतः मोजली. मोठ्या पदावर न बसताही माणूस मोठा होऊ शकतो. त्यासाठी आपल्या हातातील लेखणी कोणाच्या कामी आणावयाची, एवढे मात्र त्याला उमगले पाहिजे.