रिकाम्या हातांचे सामर्थ्य

जपानच्या दक्षिणेस, अफाट समुद्रात, ओकिनावा नावाचे एक बेट आहे. पूर्वी तेथे र्‍युक्यू राजांचे राज्य होते आणि शुरी हे त्यांचे राजधानीचे नगर होते. चीन व जपान या दोन्ही देशांशी या बेटाचे दळणवळण चाले. त्या सहवासातून तेथे शस्त्रावाचून, केवळ हातापायांनी आत्मरक्षण करण्याची एक विद्या वाढीस लागली. तीच कराटे होय. बेटाबाहेर फारशी कोणास ठाऊक नसलेली ही विद्या जगापुढे आणण्याचे मोठे श्रेय ज्या पुरुषाकडे जाते, तो सेनापती नव्हता किंवा नामांकित मल्लही नव्हता. तो प्राथमिक शाळेतील एक शिक्षक होता. त्याचे नाव गिचिन फुनाकोशी.

फुनाकोशींचा जन्म शुरी येथे १८६८ साली झाला. ते अपुऱ्या दिवसांचे मूल होते. त्यांची प्रकृती इतकी नाजूक होती की, हे मूल फार दिवस जगणार नाही, असे घरच्यांना वाटे. त्यांचे बालपण आजोळी गेले. शाळेत त्यांची एका मुलाशी मैत्री जडली. त्या मुलाचे वडील आंको आझातो हे कराटेचे थोर जाणकार होते. त्यांच्याकडे हा दुबळा मुलगा कराटे शिकू लागला. हळूहळू त्याची प्रकृती सुधारत गेली. ज्या विद्येने आपल्याला आरोग्य दिले, तिच्यासाठीच आयुष्य वेचावे, असे पुढे त्याच्या मनाने घेतले.

त्या काळी ही विद्या उघडपणे शिकविण्याची रीत नव्हती. दिवस मावळल्यावर फुनाकोशी गुरूंच्या घरी जात. चांदणे नसेल तेव्हा हाती मिणमिणता कंदील असे. घरामागच्या अंगणात शिष्याचा अभ्यास चाले आणि गुरू मंद दिव्यापाशी ताठ बसून तो न्याहाळीत. ठरावीक क्रमाने करावयाच्या हालचालींच्या मालिकेला काता म्हणतात. एकच काता महिनोन् महिने करावी लागे. ती अंगी मुरल्याची गुरूंची खात्री पटेपर्यंत पुढचा पाठ मिळत नसे. आझातोंप्रमाणेच आंको इतोसु या दुसऱ्या श्रेष्ठ गुरूंचाही लाभ फुनाकोशींना झाला. अवघ्या तीन काता आत्मसात करण्यात त्यांची दहा वर्षे गेली. एकदा बेटावर मोठे वादळ झाले. तेव्हा हा तरुण हाती गवताची चटई ढालीसारखी धरून घराच्या छपरावर वाऱ्याशी झुंजत उभा राहिला. वारा त्याला खाली चिखलात लोटी आणि तो पुन्हा वर चढे.

फुनाकोशींना वैद्य व्हावयाचे होते. त्यासाठी ते परीक्षाही उत्तीर्ण झाले. परंतु मस्तकावर जुन्या पद्धतीचा केसांचा बुचडा राखणाऱ्याला वैद्यकीय विद्यालयात प्रवेश नव्हता. बुचडा कापणे म्हणजे कुळाचा मान घालविणे, अशी त्यांच्या घरच्यांची समजूत होती. त्यामुळे वैद्य होण्याची आशा मावळली. पुढे १८८८ साली त्यांना शाळेत साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. तेथेही तोच नियम होता. या वेळी त्यांनी बुचडा कापला. ते घरी येताच वडील संतापले. आईला तर मुलाकडे पाहवेना. ती मागच्या दाराने बाहेर पडली व माहेरी निघून गेली. जुने सोडण्याची किंमत काय असते, हे त्यांना त्या दिवशी कळले. तरीही आपण योग्य तेच केले, असे त्यांना वाटत राहिले. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ ते शाळेत शिकवीत होते.

एके रात्री फुनाकोशी पाइन वृक्षांच्या राईतून घरी परतत होते. देवघरात ठेवण्यासाठी त्यांनी थोडी मिठाई घेतली होती. एवढ्यात दोन दांडग्या पुरुषांनी त्यांची वाट अडविली. त्यांना लोळविणे फुनाकोशींना मुळीच अवघड नव्हते. पण त्यांनी हात उगारला नाही. मिठाई त्या दोघांच्या हवाली करून ते शांतपणे घरी आले. दुसऱ्या दिवशी ही हकीकत ऐकून गुरूंना अत्यंत समाधान वाटले. देवापुढे मग काय ठेवले, अशी त्यांनी पृच्छा केली. जवळ काहीच नसल्यामुळे मनापासून प्रार्थना केली, असे शिष्याने सांगितले. शिष्याला कराटेचे मर्म उमगले आहे, हे गुरूंनी ओळखले.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसुंच्या प्रयत्नाने कराटेचा ओकिनावातील शाळांत प्रवेश झाला. रात्रीच्या अंधारात दडलेली विद्या मुलांच्या क्रीडांगणावर आली. १९२१ साली जपानचे युवराज हिरोहितो युरोपच्या प्रवासास जाताना ओकिनावात उतरले, तेव्हा शुरीच्या राजवाड्यात त्यांच्यापुढे कराटेचे प्रयोग झाले. त्यांचे नेतृत्व फुनाकोशींकडे होते. पुढच्याच वर्षी टोकियोत भरलेल्या एका क्रीडाप्रदर्शनासाठी त्यांना बोलावणे आले. तेथे ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या संस्थेत सन्मानाने निमंत्रित केले. थोड्या दिवसांसाठी गेलेले फुनाकोशी चाहत्यांच्या आग्रहामुळे टोकियोतच राहिले.

त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. हाती पैसा नव्हता. पूर्वजांच्या समाधींची सेवा सोडून येणे पत्नीला रुचले नाही, म्हणून ती ओकिनावातच राहिली. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात फुनाकोशींना लहानशी खोली मिळाली. तेथे ते पहारा करीत, बाग राखीत आणि खोल्या झाडीत. स्वयंपाक्याला ते कराटे शिकवीत आणि तो त्यांच्या जेवणाचे पैसे कमी घेई. एकदा एक वार्ताहर त्यांच्या भेटीस आला. समोर झाडणाऱ्या म्हाताऱ्यालाच त्याने कराटेच्या आचार्यांचा पत्ता विचारला. म्हातारा लगबगीने आत गेला, कपडे बदलून आला आणि त्याने पाहुण्याचे स्वागत केले. झाडूवाला व आचार्य एकच, हे त्या वार्ताहराच्या ध्यानातही आले नाही!

१९२३ च्या भीषण भूकंपाने टोकियोची धूळधाण झाली. फुनाकोशींचे काही विद्यार्थी दगावले. त्यांच्या पहिल्या पुस्तकाचे मुद्रणाचे ठसेही नष्ट झाले. त्यांनी पुन्हा पुस्तक लिहिले आणि पुन्हा शिष्य जमविले. १९२४ साली केइओ विद्यापीठात त्यांच्या मार्गदर्शनाखाली कराटेचा वर्ग सुरू झाला. मग इतर विद्यापीठांनीही तो कित्ता गिरविला. कराटे हा शब्द पूर्वी चिनी हात अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. त्याऐवजी त्याच उच्चाराचे, पण रिकामा असा अर्थ देणारे अक्षर फुनाकोशींनी रूढ केले. हातात शस्त्र नसावे, तसाच मनात अहंकारही नसावा, हा त्यामागील भाव होता. या बदलावर ओकिनावात पुष्कळ टीका झाली. ती त्यांनी सोसली.

पुढे शिष्यांनी वर्गणी जमवून टोकियोत त्यांच्यासाठी एक शिक्षणशाळा बांधली. फुनाकोशी शोतो या टोपणनावाने कविता लिहीत. पाइनच्या राईत वाऱ्याने उठणारी लाटांसारखी सळसळ, असा त्या नावाचा अर्थ. त्यावरून शाळेचे नाव शोतोकान पडले आणि पुढे त्यांच्या कराटेपद्धतीलाही तेच नाव मिळाले.

परंतु वृद्धपणीही दैवाने त्यांची परीक्षा पाहिली. १९४५ साली विमानांच्या बाँबवर्षावात शोतोकान जळून खाक झाले. शाळेची धुरा वाहणारा त्यांचा पुत्र गिगो त्याच वर्षी क्षयाने मरण पावला. ओकिनावा युद्धात उद्ध्वस्त झाले. तेथून निघालेल्या त्यांच्या पत्नीने क्यूशू बेटावर आश्रय घेतला होता. इतक्या वर्षांनी पतिपत्नींची तेथे भेट झाली. पण तो सहवास अल्प ठरला. १९४७ साली पत्नीचा वियोग झाला. ऐंशीच्या घरात पोचलेले फुनाकोशी टोकियोस परतले, तेव्हा युद्धातून वाचलेले शिष्य त्यांच्याभोवती पुन्हा गोळा झाले. १९४९ साली स्थापन झालेल्या जपान कराटे संघाने त्यांना प्रमुखपदाचा मान दिला. २६ एप्रिल १९५७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

कराटेला शर्यतीचे रूप येणे फुनाकोशींना पसंत नव्हते. तरीही ही विद्या जगभर पसरली आणि २०२१ साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत तिचा समावेश झाला. तेथे पुरुषांच्या काताचे सुवर्णपदक मिळविणारा रिओ कियुना हा ओकिनावाचाच सुपुत्र होता.

कामाकुरा येथील एका मंदिराच्या आवारात फुनाकोशींचे स्मारक उभे आहे. कराटे जाणणाऱ्याने पहिला आघात कधीच करू नये, ही त्यांची शिकवण त्याच्या शिळेवर कोरली आहे. ज्याच्या अंगी बळच नाही, त्याने मार न देण्यात विशेष ते काय? परंतु ज्याच्या मुठीत सामर्थ्य आहे आणि तरीही जो ती उगारीत नाही, तोच खरा बलवान. अशक्त देहाने जन्मलेल्या या शिक्षकाने तसे बळ कमावले आणि तसाच संयमही राखला.