नागरिकत्वाचे अध्यापक : नामदार गोखले

नागरिकशास्त्र हा विषय आज माध्यमिक शाळांतून शिकविला जातो. परंतु विद्यार्थी कलमे व अधिकारांच्या याद्या पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. हा विषय खऱ्या अर्थाने शिकवावयाचा कसा, याचे उत्तर आम्हांस नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रात सापडते.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. वडील बंधूंनी तुटपुंज्या वेतनातून त्यांच्या शिक्षणाचा भार वाहिला. 1884 साली पदवी घेऊन ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात 1902 पर्यंत अध्यापन करीत राहिले. शाळांसाठी त्यांनी अंकगणिताचे पुस्तकही सिद्ध केले. न्यायमूर्ती रानडे यांच्या कडक देखरेखीखाली त्यांनी सरकारी अहवाल व आकडे तपासण्याची सवय अंगी बाणविली.

या सवयीचे मोल त्यांना एका कटू प्रसंगाने कळले. 1897 साली ते इंग्लंडमध्ये असता पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तातील सोल्जरांच्या अत्याचारांची पत्रे त्यांच्या हाती आली. विश्वास ठेवून त्यांनी ते आरोप तेथे प्रसिद्ध केले. स्वदेशी परतल्यावर मात्र पुरावा उभा करता येईना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनीही त्यांच्यावर कठोर टीका केली. त्या माफीविषयी आजही दुमत आहे. परंतु जे सिद्ध करता येत नाही ते सार्वजनिक जीवनात बोलू नये, हा धडा त्यांनी स्वतःच्या मानाची किंमत देऊन गिरविला, असे आम्हांस वाटते.

पुढे 1902 साली वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी पहिले अंदाजपत्रकी भाषण केले. तिजोरीतील शिल्लक म्हणजे रयतेची सुबत्ता नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले व मिठावरील कर उतरविण्याची मागणी केली. 1903 पासून तो कर उतरू लागला. 1911 साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. निरक्षर प्रजेला नागरिक कसे म्हणावे, हा त्यामागील प्रश्न होता. 1912 च्या मार्चमध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. तथापि पराभवाने त्यांची मागणी मेली नाही.

12 जून 1905 रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. त्यात येणाऱ्या तरुणास पाच वर्षे उमेदवारी व अभ्यास करावा लागे. जातिधर्माचा भेद न मानता सर्व भारतीयांना बंधू मानीन, अशी शपथही घ्यावी लागे. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी होण्यापूर्वी, हा अध्यापक कालवश झाला.

गोपाळराव चित्पावन ज्ञातीत जन्मले, याचा आम्ही या स्मरणिकेत अभिमान बाळगतो. परंतु 1903 साली धारवाड येथे अस्पृश्यतेचा निषेध करणाऱ्या आणि वरील शपथ घालून देणाऱ्या पुरुषास केवळ आपला म्हणविणे, हा त्यांचा गौरव नव्हे. आमच्या गुणवंत विद्यार्थ्यांनी आपल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक एकदा तरी वाचावे, त्यातील एक आकडा पडताळून पाहावा आणि जो आपल्या ज्ञातीचा नाही त्याच्या हिताचाही विचार करावा. गोखल्यांच्या वर्गात प्रवेश मिळावयाचा तो याच मार्गाने.